दादा म्हणतो 62 लाख, एजंट म्हणतो 1 कोटी 5 लाख: आईच्या फ्लॅटची किंमत धरायची तरी किती?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कापून देते.

"आमचा कोथरूडला फ्लॅट आहे, बाबांनी 1988 साली 1 लाख 90 हजारांना घेतलेला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, बारा फ्लॅटची सोसायटी, करारनाम्यात 720 स्क्वेअर फूट लिहिलंय. बाबा 2011 ला गेले, आई नोव्हेंबर 2023 मधे. मृत्युपत्र दोघांचंही नाही. आम्ही तीन भावंडं. दादा-वहिनी त्याच घरात राहतात, आईचं शेवटची सहा वर्षं सगळं त्यांनीच केलं. मी नाशिकला, धाकटा न्यू जर्सीत. आईनं नॉमिनी म्हणून दादाचं नाव दिलं होतं, सोसायटीनं आता शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलंय. दादा म्हणतो रेडी रेकनरनं 62 लाख होतात, तीन भाग करू, तुम्हा दोघांचे पैसे मी देतो, तुम्ही हक्कसोड करून द्या. माझ्या मिस्टरांच्या ओळखीचा एजंट म्हणतो 1 कोटी 5 लाख कुठे गेले नाहीत. वर सोसायटीत रीडेव्हलपमेंटची कुजबुज चालू आहे. मी नुसतं म्हटलं की एकदा व्हॅल्युअर बोलावूया, तर वहिनी तेव्हापासून फोन उचलत नाहीये. मी चुकतेय का?"

ताई, नाही चुकत. पण "व्हॅल्युअर बोलावूया" हे वाक्य आपल्याकडं "मला तुझ्यावर भरवसा नाही" असंच ऐकू जातं, त्यामुळं वहिनीपण चुकलेली नाही. तिकडं शेवटी येते, आधी आकड्यांचं बघू.

त्याच्याही आधी एक गोष्ट पटकन उरकते. शेअर सर्टिफिकेटवर दादाचं नाव आलं म्हणजे फ्लॅट दादाचा झाला असं नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीनं पत्रव्यवहार कुणाशी करायचा, मेंटेनन्स कुणाकडं मागायचा एवढ्यापुरता माणूस. आपल्या सहकार कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली तेव्हापासून तर नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' असाच शब्द आहे. मालकी वारसांची. आणि तुमचा हिस्सा सरळ आहे: बाबा गेले तेव्हा आई आणि तुम्ही तिघं असे चार समान वाटे झाले, मग आईचा पाव वाटा तुमच्या तिघांत, म्हणजे शेवटी प्रत्येकाला एक तृतीयांश. कुणी तुम्हाला वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीबद्दल काही सांगायला लागलं तर मान डोलवा आणि सोडून द्या, ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीची गोष्ट आहे, बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या फ्लॅटमधे मुलीला मुलाएवढाच वाटा 1956 च्या वारसा कायद्यापासूनच आहे. पुण्यात दिवाणी कोर्टातून वारस दाखला काढून ठेवा, पुढं प्रत्येक ठिकाणी तो मागणारच.

आता 62 लाख.

रेडी रेकनर म्हणजे सरकारचा वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, दर 1 एप्रिलला निघतो, नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतो. तो कशासाठी आहे, तर खरेदीखत करताना स्टँप ड्यूटी किती घ्यायची त्यासाठी. म्हणजे तुम्ही कागदावर किती का कमी किंमत लिहा, सरकार या दराच्या खाली ड्यूटी घेणार नाही, अशी ती तळाची रेघ. अख्ख्या विभागाला एक दर, त्यात कुणाचा फ्लॅट पूर्वेला, कुणाच्या खिडकीखाली भाजी मंडई, कुणाच्या बाथरूममधून खालच्याच्या घरात पाणी, यातलं काही त्यात नसतं. इमारतीच्या वयाप्रमाणं घसारा धरतात, मजला धरतात, बस. आणि तो दर बाजाराच्या मागून चालतो, 2022 ला वाढल्यानंतर दोन वर्षं जागचा हललाच नव्हता, मग एकदम 1 एप्रिल 2025 ला वाढला. तेवढ्या काळात पुण्यात किमती थांबल्या होत्या का, तुम्हीच सांगा. दादा लबाडी करतोय असं मला वाटत नाही बरं का, "सरकारी किंमत" या शब्दाला आपल्याकडं एक वजन आहे, सरकारी म्हणजे खरी. बहुतेक त्याला कुणीतरी रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेरच्या टेबलवाल्यानं हे सांगितलं असणार. पण वाटणीसाठी ही किंमत लावायची म्हणजे धाकट्या दोघांनी आपापला हिस्सा तळाच्या रेघेवर सोडायचा.

मग एजंटचे 1 कोटी 5 लाख खरे का? तर तेही नाही.

माझा तर्क सांगते, चुकला तर कळवा. एजंटनं शेजारच्या नवीन बिल्डिंगचा दर उचलला आणि तुमच्या 720 ला गुणला. आता नवीन बिल्डिंगचा दर हल्ली कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर सांगतात, बिल्डरांसाठीचा रेरा कायदा आल्यापासून. आणि तुमच्या 1988 च्या करारनाम्यातले 720 हे बहुतेक बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी वगैरे धरून आहेत, तेव्हा तसंच लिहायची पद्धत होती. कार्पेट काढायला ढोबळमानानं 1.2 नं भागायचं, म्हणजे झाले 600. दर तोच ठेवला तरी 1 कोटी 5 लाखांचे साडेसत्त्याऐंशी लाख झाले की नाही, एका भागाकारात साडेसतरा लाख गेले. आणि अजून लिफ्ट नाही, पार्किंग कागदावर आहे की नुसतं "आमची गाडी नेहमी इथंच असते" या तत्त्वावर आहे, हे धरलेलंच नाही. शिवाय एजंट जो आकडा सांगतो तो मागायचा आकडा, मिळायचा नव्हे, आणि तुम्ही फ्लॅट विकायला काढावा हे त्याच्या पोटापाण्याचं आहे, त्याला का दोष द्या.

मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, व्हॅल्युएशन रिपोर्ट इतके वाचलेत की कव्हर बघून सांगेन आत काय असेल. त्यातून एक शिकले, "घराची किंमत किती" या प्रश्नाला उत्तरच नसतं जोवर तुम्ही दोन गोष्टी सांगत नाही: कुठल्या तारखेची, आणि कशासाठी. तुमच्या केसमधे तर हे अगदी पुस्तकात घालण्यासारखं आहे कारण तुम्हाला एक नाही, तीन-चार तारखांच्या किमती लागणार आहेत.

भावंडांच्या वाटणीला आजची किंमत. आई गेली त्या दिवशीची नाही, कारण फ्लॅट आज वाटला जातोय, मधल्या काळात वाढला असेल तर तिघांचा मिळून वाढला. आपल्याकडं वारशावर कर नाही, पूर्वी इस्टेट ड्यूटी होती ती 1985 ला गेली, त्यामुळं मृत्यूच्या तारखेची किंमत भारतात कुणी विचारत नाही.

इन्कम टॅक्सला मात्र 1 एप्रिल 2001 ची. हिस्सा पैसे घेऊन सोडला किंवा पुढं कधी फ्लॅट विकला की कॅपिटल गेन, म्हणजे किंमत वाढल्याचा करपात्र नफा निघणार, आणि वारशानं आलेल्या घराला खरेदी किंमत धरतात ती मूळ मालकाची, म्हणजे बाबांची 1 लाख 90 हजार. पण 2001 च्या आधी घेतलेलं असेल तर त्याऐवजी 1 एप्रिल 2001 ची बाजारभावानं किंमत धरायची मुभा आहे. यानं किती फरक पडतो ते बघा. समजा फ्लॅट 90 लाखांचा निघाला. 1.90 लाखच धरले तर साडेबारा टक्क्यांनी तिघांचा मिळून कर सुमारे 11 लाख. 2001 ची किंमत 9 लाख निघाली तर 10 लाख 12 हजार. आणि 12 लाख निघाली तर मजा आहे, तुम्ही आणि दादा भारतात राहणारे आणि हिस्सा जुलै 2024 च्या आधीच तुमचा झालेला, त्यामुळं महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा जुना हिशोबही करून बघता येतो, जो कमी तो भरायचा. 2025-26 चा निर्देशांक 376, म्हणजे 12 चे झाले 45 लाख 12 हजार, उरलेल्यावर 20 टक्के म्हणजे सुमारे 8 लाख 98 हजार (हा अख्ख्या फ्लॅटवरचा हिशोब, तुमचा तिसरा भाग, सेस वेगळा). 9 लाखांवर मात्र जुना हिशोब उलट महाग पडतो. म्हणून सीएला दोन्हीकडून करायला सांगा. आणि गंमत अशी की 2001 ची किंमत त्या वेळच्या रेडी रेकनरच्या वर धरता येत नाही, 2020 च्या बजेटनं तशी मर्यादा घातलीय. म्हणजे दादाला जिथं रेडी रेकनर हवंय तिथं ते चालत नाही, आणि जिथं व्हॅल्युअरनं चार पैसे जास्त लिहावेत असं आपल्याला वाटतं तिथं नेमकं तेच आडवं येतं. त्या सालची पुस्तकं जुन्या व्हॅल्युअरांकडं असतात.

धाकट्याची गोष्ट अजून वेगळी. एक तर तो अनिवासी, त्याला तो 20 टक्क्यांचा पर्याय नाही, त्याच्या हिश्श्याच्या पैशातून टीडीएसही अनिवासीच्या नियमानं, बराच जास्त कापावा लागतो, कमी कापायचा असेल तर आधी खात्याकडून सर्टिफिकेट. दादानं हे न करता सरळ पैसे पाठवले तर नोटीस दादाला येईल, म्हणून त्याला हे सांगा. दुसरं म्हणजे तो अमेरिकेत कर भरतो, आणि तिथं वारशानं आलेल्या मालमत्तेची खरेदी किंमत म्हणून मृत्यूच्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरतात, मालमत्ता परदेशात असली तरी. म्हणजे त्याला 2023 ची किंमत लागेल, आणि खरं तर 2011 चीही, कारण त्याच्या वाट्यातला पाऊण भाग बाबांकडून आलाय आणि पावच आईकडून. त्याच्या तिकडच्या सीपीएला, म्हणजे अमेरिकेतल्या सीएला विचारून व्हॅल्युअरला आधीच सांगा, एका खेपेत होतं. नाहीतर दोन वर्षांनी तो रात्री अकराला फोन करून विचारणार, ताई, तो व्हॅल्युअर अजून आहे का गं.

हो, मागच्या तारखेची किंमत काढता येते. त्या सुमाराला आसपास झालेले व्यवहार बघून काढतात.

आता व्हॅल्युअर. "गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर" म्हणतात तो शोधा, म्हणजे इन्कम टॅक्सकडं नोंद असलेला. (ती नोंदणी मुळात संपत्ती कराच्या कायद्याखालची, तो कर 2015 च्या बजेटमधे गेला पण व्हॅल्युअर राहिले, आपल्याकडं असंच असतं.) बँकांच्या पॅनलवर असलेला असेल तर चांगलं, त्याला त्या भागातले खरे भाव रोज बघावे लागतात. पण सगळ्यात महत्त्वाचं, तो तुम्ही आणायचा नाही, दादानंही नाही. तिघांनी मिळून. दोन-तीन नावं काढा, त्यातलं एक दादाला निवडू द्या, फी आधी विचारा आणि तिघांनी सारखी भरा, धाकट्यानंसुद्धा, डॉलरमधे त्याला कळणारही नाही. आणि तो यायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिघांनी लिहा की जो आकडा येईल तो मान्य, वरखाली किती टक्के चालेल ते. आकडा आल्यावर मान्य करायचं ठरवलं ना, की मग ज्याला तो आवडत नाही त्याला लगेच दुसरा व्हॅल्युअर आठवतो, मग तिसरा. अशी एक फाइल मी पाहिलीय, चार भावंडं, पाच रिपोर्ट.

आमच्याच घरातलं सांगते. मामा गेला, साताऱ्याला बंगला, मामी आणि दोन मामेभाऊ. थोरल्यानं परस्पर एक व्हॅल्युअर गाठला, रिपोर्ट आला छान बाइंडिंग करून, सोळा पानं, शेवटी सही शिक्का. धाकट्यानं वाचला तर नवव्या पानावर "लिफ्टची संख्या: 2". एकमजली बंगल्याला! माणूस आलाच नव्हता, दुसऱ्या कुठल्यातरी रिपोर्टमधे नाव-पत्ता बदलून दिलेला, गेटबाहेरून एक फोटो तेवढा काढलेला, त्यात आमच्या मामीचं वाळवण दिसत होतं. तो आकडा कदाचित बरोबरही असेल, कुणाला माहीत, पण त्या दोन लिफ्टनं जे केलं ते निस्तरायला वर्ष गेलं.

दुसऱ्या वेळी मी गेले होते मुद्दाम. साठीचे गृहस्थ, हातात लेझरचं मीटर, तरी खिशात टेप होतीच. चपला काढून आत आले, पाणी प्यायले आणि कागद मागितले. मग एकेक खोली, भिंतीवर लाल ठिपका टाकायचा, आकडा पुटपुटायचा, वहीत लिहायचा. माजघराच्या छताला एक पाण्याचा डाग, बशीएवढा. "हा किती वर्षांचा?" थोरला म्हणाला पंधरा, धाकटा म्हणाला मागच्या पावसाळ्यातला. गृहस्थांनी स्टूल मागवलं, वर चढून डागाला हात लावला, बोट चोळून बघितलं आणि काही न बोलता लिहिलं. मग मामीला विचारलं, "गच्चीवर झाडं होती का तुमच्या?" मामी म्हणाली होती, ह्यांच्या कुंड्या. बास. तेवढ्यावर त्यांना कळलं. नंतर बाहेर चारी बाजूंनी फिरले, कॉलमवर बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकलं, मीटरचा फोटो, समोरच्या रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली, आणि जाता जाता कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या की इकडं हल्ली कुठलं घर विकलं. तो रिपोर्ट सात पानांचाच होता, आणि दोघा भावांनी मानला. आकड्यामुळं मानला असं नाही मला वाटत, स्टुलावर चढले ना ते, त्यामुळं मानला.

तर तुमच्याकडं माणूस येईल तेव्हा तुम्ही हजर राहा, दादा तर असेलच, धाकट्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. कागद आधी काढून ठेवा: मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा मिळाला तर, भोगवटा पत्र, मालमत्ता कराची पावती, लाइट बिल. सोसायटीच्या नावानं जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हस्तांतर झालंय का तेही विचारून ठेवा, बारा फ्लॅटच्या जुन्या सोसायट्यांत ते बऱ्याचदा राहिलेलं असतं आणि त्यानं किंमत खाली येते. रिपोर्टमधे कुठल्या तारखेची किंमत, कशासाठी काढली, क्षेत्रफळ कार्पेट की बिल्टअप, आणि तुलनेला कुठले व्यवहार घेतले, हे चार शब्द नसतील तर परत पाठवा.

त्या तुलनेबद्दल, हे तुम्ही घरबसल्याही करू शकता. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमधे शेजारच्या सोसायट्यांचे इंडेक्स टू दिसतात, कुणी कितीला घेतला, किती क्षेत्रफळ, कुठल्या मजल्यावर. लिफ्ट नसलेल्या, 1985 ते 95 मधल्या इमारतींतले, गेल्या वर्ष-दीड वर्षातले चार-पाच व्यवहार काढा. कागदावरची किंमत थोडी कमी लिहिलेली असू शकते हे गृहीत धरा, पण तरी एजंटपेक्षा आणि टेबलवाल्यापेक्षा जास्त खरं काही असेल तर ते हेच. माझ्या अंदाजानं तुमचा आकडा त्या दोघांच्या मधे कुठंतरी पडेल.

रीडेव्हलपमेंट. इथं भावंडं जास्त अडकतात, कारण आज घर 600 फुटांचं आहे आणि स्वप्न 850 चं. बघा, चर्चा म्हणजे करार नाही. सर्वसाधारण सभेत 51 टक्के सभासदांची संमती लागते, मग टेंडर, मग बिल्डर, मग बिल्डर पळून न जाणं. व्हॅल्युअरला सोसायटीचे ठराव, ऑफर लेटर काही असेल तर दाखवा, तो त्याची शक्यता धरून आकडा देईल किंवा वेगळी नोंद करेल. पण दादाला त्या स्वप्नाचे पूर्ण पैसे आज द्यायला लावणं मला बरोबर वाटत नाही, आणि तुम्ही आज सही केली अन् पुढच्या दिवाळीत डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट झालं तर तुमच्या मनात ते आयुष्यभर सलणार. म्हणून एक अट घाला, मी बऱ्याच ठिकाणी सुचवलीय: आजच्या किमतीला दादानं घ्यायचा, पण तीन वर्षांत फ्लॅट विकला किंवा रीडेव्हलपमेंटचा करार झाला तर ठरलेल्या आकड्याच्या वर जे मिळेल त्यातला अमुक भाग तिघांत. हे हक्कसोडपत्रात नाही बसत, त्यासाठी वेगळा कौटुंबिक समझोता वकिलाकडून लिहून घ्या.

आणि हक्कसोडीबद्दल एक, सर्रास चालतं ते असं की कागदावर "विनामोबदला, प्रेमापोटी" हक्कसोड, त्यावर स्टँप नाममात्र, आणि बाजूनं बँकेतून 25-30 लाख बहिणीच्या खात्यात. करू नका. पैसे घेऊन हक्क सोडला तर स्टँपचा हिशोब वेगळा, कर वेगळा, आणि खात्यातली एंट्री कुणाला ना कुणाला दिसतेच. मोबदला असेल तर लिहा मोबदला. कर वाचवायचा तर सरळ मार्ग आहेत, सहा महिन्यांत कर वाचवणारे ठरावीक बाँड, 50 लाखांपर्यंत, किंवा दुसरं घर, सीए सांगेल.

आता दादाची सहा वर्षं.

पत्रात तुम्ही ते एका वाक्यात लिहिलंय, "सगळं त्यांनीच केलं". मला वाटतं खरं भांडण 62 आणि 1 कोटी 5 मधलं नाहीच, या वाक्याचं आहे. दादानं कधी बोलून दाखवलं नसेल की मी आईचं केलं म्हणून मला जास्त द्या, ते बोलायला जड जातं, मग माणूस काय करतो, रेडी रेकनर पुढं करतो. त्या 62 मधे त्याचं म्हणणं दडलंय. आणि तुम्ही व्हॅल्युअर म्हणालात तेव्हा वहिनीनं ऐकलं की रात्री उठून आईंची कूस बदलली त्याला शून्य.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा. फ्लॅटची किंमत जी असेल ती असू दे, व्हॅल्युअरला काढू दे, त्यात माया मिसळू नका. मग ती समोर ठेवून तिघं बसा आणि त्यातून दादा-वहिनीला किती सोडायचं ते उघड बोला. स्वयंपाकघर, बाथरूम नवीन केलं असेल तर त्याची बिलं, आईच्या औषधांचा खर्च, मेंटेनन्स, कर, हे आधी वजा करा, तो त्यांचा हक्कच आहे. त्याच्या वर जे द्यायचं ते तुमच्या मनानं. तुम्ही 90 लाखांचा तिसरा हिस्सा, 30 लाख, बघून त्यातले पाच सोडलेत तर ते तुम्ही दिलेत. 62 च्या हिशोबात कळत-नकळत नऊ लाख 33 हजार गेले तर ते गेले, कुणी दिले नाहीत आणि कुणाला मिळालेसुद्धा वाटणार नाहीत. दादाला आयुष्यभर वाटत राहील की मी बाजारभावानं घेतलं, आणि तुम्हाला वाटत राहील की मी फसले. धाकट्याला विचारलंत का, त्याला कदाचित सगळाच हिस्सा सोडायचा असेल, किंवा नसेलही, न्यू जर्सीत घरांचे हप्ते काही स्वस्त नाहीत, पण त्याच्या वतीनं तुम्ही दोघांनी ठरवू नका.

वहिनीला फोन लागत नसेल तर पुण्याला जा, पण फाइल न घेता जा. पहिल्या खेपेत किंमत, हिस्सा, व्हॅल्युअर यातलं काहीही काढू नका. आईचं कपाट आवरलंय का अजून? नसेल तर दोघी मिळून आवरा, त्यात दुपार जाते. निघताना दादाला एवढंच म्हणा की आईचं किती वर्षं आणि काय काय केलंत ते मला माहितीये, ते मी हिशोबात धरणार आहे, पण आधी घराची एक किंमत तिघांना मान्य होईल अशी काढू, माणूस तू निवड. मग ग्रुपवर दोन-तीन नावं टाका आणि त्याच्या उत्तराची वाट बघा, आठवडा लागला तरी.

काय होतंय ते कळवा. आणि ते 720 नक्की कार्पेट की बिल्टअप, करारनाम्याचं पहिलं पान आणि शेवटचं परिशिष्ट बघून सांगा, मलाच चैन पडत नाहीये.